सेत्सुको-सानचं भाषांतर

"मला आई म्हणू नकोस," सेत्सुको-साननी मला दारातच सांगितलं. "आई तुझी पुण्यात आहे. तिला वाईट वाटेल."

मी एक वर्षासाठी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आले होते. पुण्यात जपानीच्या क्लासला आम्हाला शिकवलं होतं, की नावापुढे आदराने 'सान' लावायचं आणि यजमान घरातल्या बाईंना 'ओकासान', म्हणजे आई, म्हणायचं. ते मी विमानात घोकून आले होते. त्यांनी ते असं दारातूनच परत पाठवलं. मग माझी जड सूटकेस मला हात न लावू देता स्वतः आत नेली आणि जिन्यापाशी थांबून म्हणाल्या, "भूक लागली असेल. आधी जेव. घर उद्या दाखवीन."

सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, पाठीत किंचित वाकलेल्या. केस कानाच्या पाळीपर्यंत, ते त्या स्वतःच कापायच्या. इंग्रजी अगदी बिनचूक, पण सरकारी पाटीवरच्या सूचनेसारखं. "कृपया वरच्या कपाटाला हात लावू नये, दार निखळलेलं आहे." त्यात 'प्लीज' असायचं पण लाडीगोडी नसायची.

युनिव्हर्सिटीत जागा कमी, म्हणून आमच्यातल्या काहींना गावातल्या कुटुंबांकडे ठेवलं होतं. माझ्या अर्जात 'जपानी, दोन वर्षं' असं दिसल्यावर कुणीतरी मला सेत्सुको आणि हिरोशी या जोडप्याच्या घरी टाकलं. आई फोनवर म्हणाली, "अगं, जपान्यांकडेच राहायचं होतं तर अमेरिकेचं तिकीट कशाला काढलं?" मला स्वतःलाही थोडी हुरहूर वाटत होती. माझ्या डोक्यात मोठा कुत्रा, मोठी गाडी आणि रविवारी पॅनकेक असलेलं घर होतं. इथे सकाळी साडेसहाला वाफाळता भात, लोणचं आणि सूप.

सुपावरून पहिल्याच आठवड्यात पेच आला. त्यात माशाचं पाणी असतं, आणि मी शाकाहारी. मी चाचरत सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"धर्मासाठी, की चवीसाठी?"

"सवय आहे," मी म्हटलं.

"सवय असेल तर कठीण आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून समुद्री शेवाळ आणि वाळलेल्या मशरूमचं पाणी काढायला लागल्या. माझ्यापुरतं नाही, सगळ्या घरासाठी. हिरोशी-सान वाटी तोंडाला लावायचे आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायचे, "आज पण बौद्ध मठातलंच सूप?" वर्षभर त्या घरात मठातलंच सूप शिजलं.

त्या 'नाही' कधी म्हणायच्या नाहीत. "ते जरा..." एवढं म्हणून थांबायच्या, आणि पुढचं आपण समजून घ्यायचं. एकदा मी हौसेने वरण केलं आणि हिंगाची फोडणी दिली. बाहेर बर्फ पडत होता. त्यांनी शांतपणे स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली, कोट घालून परत आल्या आणि कोट घालूनच दोन वाट्या वरण प्यायल्या. "चव चांगली आहे," म्हणाल्या. "वास जरा..."

त्या घराचा दिवस ठरावीक आवाजांनी चालायचा. पहाटे तांदूळ धुण्याचा आवाज, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग हिरोशी-सानच्या चपला जिन्यावर. बाहेर पडताना प्रत्येकाने 'इत्तेकिमासु' म्हणायचं, म्हणजे 'जाऊन येते'. घरात असेल त्याने 'इत्तेराश्शाइ' म्हणायचं, 'जाऊन ये'. आमच्याकडेही घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, असं मी सांगितलं तेव्हा सेत्सुको-सानना फार बरं वाटलं. त्यांनी ते मराठी 'येते' दोनतीनदा म्हणून पाहिलं. संध्याकाळी आंघोळीचा टब गरम पाण्याने भरायचा. आधी हिरोशी-सान, मग मी, शेवटी त्या. "तुम्ही आधी जा ना," असं मी कितीदा तरी म्हटलं. "पाहुणी आधी," हे उत्तर ठरलेलं. मे महिन्यापर्यंत मी पाहुणीच राहिले.

हिरोशी-सान गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. कंपनीने तीन वर्षांसाठी म्हणून मिशिगनला पाठवलेलं, ते तिथेच रिटायर झाले. मी गेले तेव्हा त्यांचा आजार सुरू झाला होता, पण मला ते लगेच कळलं नाही. संध्याकाळी ते माझी जपानी पक्की करून घ्यायचे. मी क्रियापद चुकवलं की टेबलावर बोटाने एकदा टकटक. मला वाटायचं, हे माझ्यासाठी इतका वेळ घालवतात. ऑक्टोबर संपत आला तेव्हा लक्षात आलं, की ते माझ्याशी इंग्रजीत बोलेनासेच झाले आहेत. आधी नावं गेली, काट्याचमच्याची, झाडांची. मग वाक्यं. डॉक्टरांनी सेत्सुको-सानना सांगितलं, की डिमेन्शियात असं होतं, नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणीची मागे उरते.

"मग ठीक आहे," मी काहीतरी धीर द्यायचा म्हणून बोलले. "तुम्हाला तर जपानी येतंच."

"मला येतं," त्या म्हणाल्या. "नाओमीला येत नाही."

नाओमी ही त्यांची एकुलती एक मुलगी. चाळिशीच्या आसपासची, शिकागोत वकील. दर दुसऱ्या रविवारी गाडी चालवत यायची. उंच, भरभर बोलणारी, घरात शिरताना शूज काढायची एवढंच तिच्यात जपानी उरलेलं. ती लहान असताना घरात जपानीच बोलली जायची, हे मला जानेवारीत कळलं. सेत्सुको-सान आणि मी अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला करत होतो. त्या काम करतानाच बोलायच्या, आणि समोर न पाहता.

"तेव्हा इथले गाड्यांचे कारखाने बंद पडत होते," त्या म्हणाल्या. "लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. लोक म्हणायचे, जपान्यांमुळे. एकदा दुकानात नाओमीने मला मोठ्याने 'ओकासान' अशी हाक मारली. सहा वर्षांची होती. एक माणूस वळला आणि तिच्याकडे बघत राहिला. बोलला काही नाही, नुसता बघत राहिला. नाओमीने तोंड मिटलं. घरी आल्यावर मी ठरवलं, आजपासून हिच्याशी इंग्रजीच."

"आणि हिरोशी-सान?"

"त्याला पटलं नव्हतं. तो म्हणाला, एका तोंडात दोन भाषा मावतात. मी म्हटलं, आधी एक तरी अशी येऊ दे, की तिला कुणी हसणार नाही." त्यांनी फावडं बर्फात रोवलं. "त्याचं इंग्रजी ऑफिसचं. मीटिंगसाठी शिकलेलं. तो तिला जेवायला बोलवायचा ते मीटिंगला बोलवल्यासारखं. 'नाओमी, गृहपाठाची सद्यःस्थिती काय आहे?' तिला हसू यायचं. मलाही यायचं."

त्या तेव्हाही थोड्या हसल्या. मग उरलेला रस्ता मोकळा करायला लागल्या.

आता बापलेकीत तेवढं ऑफिसचं इंग्रजीही उरलं नव्हतं. रविवारी तिघं जेवणघरात बसायची, सेत्सुको-सान मध्ये. ते जपानीत बोलायचे, या इंग्रजीत सांगायच्या. नाओमी इंग्रजीत बोलायची, या जपानीत सांगायच्या. मी चहा द्यायला, फळं कापायला तिथेच असायचे. माझं जपानी काही फार नव्हतं, पण रोजच्या बोलण्याइतकं कळायचं.

एका रविवारी हिरोशी-साननी बराच वेळ नाओमीकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, "या बाई कोण आहेत? मघापासून बसल्यात. यांना घरी जायचं नाही का?"

नाओमीने आईकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"म्हणतात, तुला लांब जायचंय," सेत्सुको-सान इंग्रजीत म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत निघ."

नाओमीचा चेहरा खुलला. "सांग त्यांना, मी सावकाश चालवते."

मी सफरचंद कापत होते. सुरी थांबली असावी, कारण सेत्सुको-साननी माझ्याकडे एकदा पाहिलं.

त्यानंतर मी ऐकायला लागले. ते म्हणायचे, "माझं घड्याळ हिने चोरलं." त्या सांगायच्या, "तुझं घड्याळ छान आहे म्हणतात." ते चिडून म्हणायचे, "मला इथून घेऊन चला." त्या सांगायच्या, "त्यांना फिरायला जायचंय," आणि नाओमी उठून त्यांना खरंच बाहेर फिरवून आणायची. बर्फातून दोघं हात धरून चालायची. खिडकीतून बघणाऱ्याला वाटलं असतं, की किती गप्पा चालल्यात.

उलट्या बाजूनेही तेच. फेब्रुवारीत नाओमी म्हणाली, "मॉम, तुला आता त्यांना उचलणं झेपत नाही. तुझ्या मनगटावरचा पट्टा दिसतोय मला. माझ्या घराजवळ वृद्धांसाठी एक चांगलं होम आहे. मी बघून आलेय. प्लीज, विचार त्यांना. त्यांना न विचारता त्यांच्यासाठी काही ठरवलेलं मला नको आहे."

सेत्सुको-सान नवऱ्याकडे वळल्या. जपानीत म्हणाल्या, "नाओमी विचारतेय, यंदा परसात घेवडा लावायचा का?"

हिरोशी-साननी गंभीरपणे विचार केला. "लावू या," म्हणाले. "पण कुंपणापासून लांब. मागच्या वेळी हरणांनी खाल्ला."

"काय म्हणाले?" नाओमीने विचारलं.

"विचार करतो म्हणाले."

नाओमी गेल्यावर मी भांडी पुसत होते. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"तुला कळतं," त्या म्हणाल्या.

"थोडं."

"थोडं म्हणजे सगळंच." नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला, हात पुसले. "विद्यापीठात दुभाष्यांचा कोर्स आहे. पहिल्या दिवशी शिकवतात, पदरचं काही घालायचं नाही. मी दुभाषी नाही, केताकी. मी बायको आहे." माझ्या नावातला 'त' त्यांना कधीच मोकळा सोडता आला नाही. 'केतकी'ची वर्षभर 'केताकी'च झाले. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणि तिची आईही आहे."

मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे काही आहे, असंही मला वाटलं नाही. तो त्या तिघांचा प्रश्न होता.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळला आणि अंगणात नुसता चिखल उरला. माझं वर्ष संपत आलं होतं. त्या रविवारी हिरोशी-सान शांत होते. जेवणं झाली, चहा झाला. नाओमीने त्यांच्या गुडघ्यावरची शाल नीट केली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरून ठेवला आणि बोलायला लागले. परक्या बाईशी बोलताना वापरतात त्या अदबीच्या जपानीत. हळू, पण एकही शब्द न अडखळता. मला त्या आजारी माणसाचं तसं सलग बोलणं कित्येक महिन्यांत ऐकायला मिळालं नव्हतं.

"काय म्हणतात?" नाओमीने विचारलं.

सेत्सुको-साननी रिकामे कप एकात एक ठेवले. हिरोशी-सान थांबले, पुन्हा पहिल्यापासून बोलले.

"मॉम. काय म्हणतात?"

सेत्सुको-साननी दोन्ही हात मांडीवर ठेवले. आणि मग एकेक वाक्य ऐकून तसंच्या तसं इंग्रजीत सांगायला लागल्या. डोळे टेबलावर.

"म्हणतात, बाई, तुम्ही फार दयाळू दिसता, म्हणून सांगतो. म्हणतात, मला एक लहान मुलगी आहे. तिला माझी भाषा येत नाही. म्हणतात, मी तिच्याशी ऑफिसातल्या शब्दांनी बोलतो, माझ्याकडे दुसरे नाहीत. तिला वाटतं, मी कडक माणूस आहे." त्या थांबल्या. ते बोलत होते. "म्हणतात, तिला सांगायच्या खूप गोष्टी आहेत, पण त्या सगळ्या जपानीत आहेत. म्हणतात, कुठे भेटली तर तिला सांगाल का, की तिचा बाप रागावलेला नव्हता."

नाओमीने हात काढून घेतला नाही. ती रडत होती हे तिलाही कळलं नसावं, कारण तिने डोळे पुसले नाहीत.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "की मी तिला सांगेन."

सेत्सुको-साननी ते तसंच्या तसं जपानीत सांगितलं. हिरोशी-सान खुर्चीतल्या खुर्चीत कमरेतून वाकले. "तसदीबद्दल आभारी आहे," म्हणाले, एखाद्या कामाची बोलणी पार पडल्यासारखे. मग त्यांनी डोळे मिटले आणि तिथेच डुलकी लागली.

सेत्सुको-सान उठल्या, बूट चढवून परसात गेल्या आणि चिखलात कुदळ मारायला लागल्या. घेवड्याला अजून महिना होता. थोड्या वेळाने नाओमी तशीच मोज्यांवर बाहेर गेली. मी भांडी घेऊन आत वळले, पण खिडकी उघडी होती.

"याआधीही असंच काहीतरी म्हणायचे का ते?" नाओमीने विचारलं.

"नाही. याआधीचं मी बदलून सांगत होते."

"सगळं?"

"बरंचसं."

सेत्सुको-सान म्हणाल्या, "तुला जपानी येऊ दिलं नाही, ते मी. त्याने नाही. तो मला असं करू नको म्हणत होता. हे तुला माहीत असायला हवं. तू इतकी वर्षं त्याला कडक म्हणत आलीस."

"तू तसं का केलंस ते मला आठवतं, मॉम," नाओमी म्हणाली. "त्या दुकानात मी होते."

पुढचं मला ऐकू आलं नाही. वाकून पाहिलं तेव्हा नाओमी चिखलात भरलेल्या मोज्यांनी उभी होती आणि सेत्सुको-सान तिला रागावत होत्या, की मोजे फुकट गेले.

मी पुण्याला परतले. शिक्षण संपवून, लग्न करून काही वर्षांनी पुन्हा अमेरिकेत, सनीव्हेलला आले. हिरोशी-सानना मी निघाल्यावर पहिल्याच थंडीत शिकागोच्या होममध्ये हलवलं, आणि पुढच्या वर्षी ते गेले. सेत्सुको-साननी घर विकलं आणि नाओमीच्याच इमारतीत, तिच्या खालच्या मजल्यावर राहायला गेल्या. दिवाळीला मी फोन करायचे. त्या नेमाने विचारायच्या, "आई कशी आहे?" मुलगा झाल्यावर पुढचा प्रश्न, "तो मराठी बोलतो का?" मी म्हणायचे, "कळतं त्याला सगळं. उत्तर इंग्रजीत देतो." मग, "ते जरा..."

दोन वर्षांपूर्वी कामासाठी शिकागोला गेले तेव्हा एक दुपार काढून त्यांच्याकडे गेले. फार लहान झाल्या होत्या. काठी आली होती. खिडकीतून मोठं तळं दिसत होतं, समुद्रासारखं. माझ्यासाठी मठातलं सूप केलं होतं. नाओमी ऑफिसला गेली होती.

"नाओमी फोनवर जपानी शिकते," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी खाली येते आणि मला म्हणते, सफरचंद लाल आहे. मी म्हणते, हो, लाल आहे. मग तिला उशीर होतो, ती जाते."

"छान वाटत असेल ना?"

"हो," त्या म्हणाल्या. वाटी बाजूला सारून तळ्याकडे वळल्या. "हिरोशी गेल्यापासून मी पूर्ण वाक्य बोललेली नाही. इंग्रजीत बोलते. ते वेगळं. तुझं जपानी किती उरलंय?"

"फार नाही हो. अर्धंमुर्धं कळेल."

"चालेल," त्या म्हणाल्या.

आणि बोलायला लागल्या. माझ्यासाठी शब्द सोपे केले नाहीत, गती कमी केली नाही. त्यांच्या गावाकडची बोली असावी, कारण क्लासमध्ये शिकलेलं त्यात फारसं सापडत नव्हतं. वडिलांची कागदाची गिरणी, एक पूल, कुणाचं तरी लग्न, बर्फाने वाकलेलं छप्पर, एवढं हाती लागलं. कधी त्या हसायच्या, मग मीही हसायचे. कधी आवाज खाली यायचा, मग मी नुसती बसायचे. मला कळतंय की नाही, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. इंग्रजीत त्या इतक्या वर्षांत कधी अशा बोलल्या नव्हत्या. हात हलवत होत्या, दुसऱ्यांचे आवाज काढत होत्या. मला वाटलं, मी या बाईंना आज पहिल्यांदा भेटतेय, आणि त्यातही अर्धंच.

विमानाची वेळ झाली तेव्हा मी उठले. त्या बोलतच काठी घेऊन माझ्याबरोबर लिफ्टपर्यंत आल्या. धाकट्या बहिणीबद्दल सांगत होत्या. नदी गोठली होती, वडिलांचा कुत्रा पलीकडे पळाला आणि बहीण त्याच्या मागे बर्फावरून धावत... लिफ्ट आली. मी आत गेले, वळले, वाकून नमस्कार केला. त्याही वाकल्या, आणि वाकलेल्या असतानाच त्यांचं वाक्य चालू होतं.

गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. नाओमीचा मेसेज आला. मी तिला फोन केला, आम्ही बराच वेळ बोललो. तिने विचारलं, "त्या दुपारी तुझ्याशी ती काय बोलत होती गं? संध्याकाळी फार खुशीत होती." मला कळलं होतं तेवढं मी सांगितलं. गिरणी, पूल, लग्न, छप्पर, आणि गोठलेल्या नदीवरून कुत्र्यामागे धावलेली बहीण. आईला एक बहीण होती हेच नाओमीला माहीत नव्हतं. "मग काय झालं तिचं?" तिने विचारलं.

जपानी वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. काठीवर वाकलेल्या सेत्सुको-सान त्या क्रियापदापर्यंत पोचल्याच होत्या, त्यांचे ओठ हलताना मला दिसले, आणि लिफ्टचं दार मिटलं.